इंदूर ते न्यू यॉर्क : दोऱ्याने मोजलेलं अंतर

2024च्या मे महिन्यात लेकीकडे न्यू जर्सीला जायचं ठरलं. तिने व्हॉट्सॲपवर तिकीट पाठवलं. मुंबईहून निघायचं रात्री एकला, शेजारच्या न्यू यॉर्कला पोहोचायचं सकाळी सातला, तारीख तीच. "सहाच तास? मग गुडघ्यांचं एवढं काय घेऊन बसलात, अहो?" ही म्हणाली.

जन्म बँकेत गेला, तरी मीही क्षणभर फसलो. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे असतं. सहात साडेनऊ मिळवले की साडेपंधरा. परतीला सकाळी साडेअकराला निघून दुसऱ्या दिवशी साडेअकराला मुंबई. त्या चोवीस तासांतून साडेनऊ वजा केले की साडेचौदा. तासाभराचा फरक वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, तो जाताना छातीवर आणि येताना पाठीवर.

अंतराची गंमत तर आणखी न्यारी. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी लावली तर रेघ अरबस्तान आणि आफ्रिकेचा वरचा भाग ओलांडून अटलांटिकवर गेली. मग नातवासाठी घेतलेला पृथ्वीगोल खोक्यातून काढला आणि हिच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा मुंबई ते न्यू यॉर्क ताणून धरला. दोरा सरळ उत्तरेकडे चढला आणि नॉर्वे-ग्रीनलंडकडून खाली उतरला! गोलावरचा सगळ्यांत जवळचा रस्ता हाच, साधारण 12,500 किलोमीटर. विमान मात्र अगदी दोऱ्यावरून जात नाही. वारा आणि कुठल्या देशाचं आकाश खुलं आहे, ते बघून वळतं.

त्याच दोऱ्याचं टोक इंदूरवर धरलं, तर तो जरासा उरला. म्हणजे आमचं इंदूर न्यू यॉर्कला मुंबईपेक्षा दोनेकशे किलोमीटर जवळ. आणि आम्ही आधी 500 किलोमीटर दक्षिणेला जाणार!

मोठी चूक माझीच. इंदूर-मुंबईचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून मी वेगळं काढलं. वेगळं तिकीट म्हणजे सामानाची मर्यादाही वेगळी, माणशी 15 किलो. काउंटरवर हिची बॅग 22 भरली. रांगेतच बॅग उघडली. लौंग शेवेची पाकिटं आणि गोडा मसाला माझ्या खांद्यावरच्या पिशवीत गेला, तरी चार किलोंचे पैसे भरावेच लागले. मुंबईत सगळं सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा चेक-इन, ते निराळंच. दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर काढले असते तर हे टळलं असतं, असं लेक नंतर फोनवर म्हणाली. "बाबा, मला विचारायचं तरी!"

इंदूरच्या लोकमान्य नगरातून दुपारी चारला निघालो होतो. लेकीच्या दारात पोहोचलो तेव्हा तिथे सकाळचे दहा वाजले होते. घरापासून दारापर्यंत साडेसत्तावीस तास, त्यातले हवेत जेमतेम सतरा. हिने मनगटावरचं घड्याळ बदललंच नव्हतं. त्यात बघून म्हणाली, "साडेसात झाले की हो, देवाजवळ दिवा लावायचा राहिला."