पॅट्रिक गेडिस यांचा पत्रव्यवहार

पॅट्रिक गेडिस (१८५४–१९३२) हे १८८८ पासून १९१९ पर्यंत स्कॉटलंडमधील डंडी येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. परंतु तेथील अध्यापन उन्हाळी सत्रापुरतेच असल्यामुळे उरलेले वर्ष त्यांना एडिंबरातील मोडकळीस आलेल्या वाड्यांची डागडुजी, आउटलुक टॉवर (शहर व परिसराच्या अभ्यासाचे त्यांचे संग्रहालय) आणि नगररचना यांसाठी मोकळे मिळे. अशा माणसाच्या पत्रव्यवहारात कामकाज कुठे संपते आणि स्नेह कुठे सुरू होतो, हे ठरवणे मला तरी अवघड वाटते.

त्यांचे नगरविषयक प्रदर्शन घेऊन भारताकडे निघालेले जहाज १९१४ मध्ये जर्मन युद्धनौका एम्डेनने बुडवले, तेव्हा मायदेशातील स्नेह्यांनी धावपळ करून नवे साहित्य जमवले आणि पुढच्याच वर्षी मद्रासला ते प्रदर्शन मांडलेही गेले. जोडलेली माणसे अशी वेळेला उपयोगी पडत. १९१७ मध्ये मुलगा अॅलास्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेल्याची बातमी आली. आजारी पत्नी अॅना यांना मात्र त्यांनी ती अखेरपर्यंत कळू दिली नाही.

अमेरिकेतील तरुण लेखक लुइस ममफर्ड यांच्याशी त्यांची मैत्री जमली ती आधी पत्रांतूनच. १९२३ मध्ये न्यूयॉर्कला प्रत्यक्ष भेट झाल्यावर मात्र गेडिस यांना त्यांच्यात गमावलेला मुलगा दिसू लागला आणि ते ओझे ममफर्ड यांना पेलवेना. गुरूंपासून अंतर राखूनच पुढे पत्रे चालू राहिली, तरी १९२५ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाचे नाव ममफर्ड यांनी गेडिस असेच ठेवले.