उधाणाची शिकार

आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळतो, म्हणजे फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट रचायचा खेळ. त्यात ड्रॅगनच्या शिकारीचं कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी गोष्ट, म्हटलं की आमच्या ग्रुपमधले सगळे लगेच लाल ड्रॅगनवर येतात. ज्वालामुखी, आग, सोन्याचा ढीग. मी काळा घेतलाय, आणि मादी. काळा ड्रॅगन दलदलीत राहतो, पाण्यातही श्वास घेतो, तोंडातून ॲसिड फेकतो आणि स्वभावाने महाखुनशी. शिवाय ऐरोलीत राहणाऱ्या डीएमला (म्हणजे मला, गोष्ट आणि राक्षस मीच चालवते) दलदल शोधायला लांब जावं लागत नाही.

फ्लेमिंगो बघायला लोक खाडीवर जातात, मी हल्ली ओहोटीचा चिखल बघायला जाते. तिवरांची श्वसनमुळं टोकं वर काढून उभी असतात, मधून एखादी वाकडीतिकडी चर गेलेली असते, आणि भरती सुरू झाली की पाणी त्या चरीतून आत सरकतं. आवाज नाही, काही नाही. मगाशी जिथे खेकडे फिरत होते तिथे घोटाभर पाणी. नियमांत म्हटलंय की काळ्या ड्रॅगनच्या गुहेभोवती सहा मैलांपर्यंत धुकं असतं आणि चालायला दुप्पट वेळ लागतो. दुप्पट! लिहिणाऱ्याने तिवरांत कधी पाय घातलेला दिसत नाही.

तर माझ्या ड्रॅगनची गुहा खाडीच्या तोंडाशी आहे आणि तिचं दार पाण्याखाली आहे. ते फक्त उधाणाच्या ओहोटीलाच उघडं पडतं. इथे आमच्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय कामाला आलं. कोळीवाड्यातल्या एका काकांनी बाबांना शिकवलेलं गणित आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे: तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ येते. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहा वाजता भरती. अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीत आतपर्यंत पाणी पोचायला थोडा उशीर होतो, तेवढं धरून चालायचं. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, म्हणजे गुहेचं दार बंदच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाणी खूप चढतं आणि तितकंच खाली जातं.

म्हणून पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, गावात पोचते ती वद्य नवमीला. गावकरी घाबरलेले, विहिरींचं पाणी नासलेलं, पंधरा दिवसांपूर्वी गेलेली एक होडी परत आलेली नाही. अमावास्येला अजून अवकाश आहे. शिकारीची खरी मजा मला या मधल्या दिवसांत वाटते. कुणाला विचारायचं, कुठल्या खुणा वाचायच्या, ॲसिडने विरघळलेलं वल्हं बघून काय ठरवायचं. तिथीचं गणित मी कुणाला सांगणार नाही. गावातली एक म्हातारी जाळं विणताना पुटपुटेल. ज्याला ऐकायचंय त्याने ऐकावं.

आमचा ग्रुप अजून २०१४ चेच नियम खेळतो. नवे आलेत, पण माझ्या मावसभावाने जुन्या पुस्तकावर एवढा हायलायटर चालवलाय की आता बदलायचं नाव काढायची सोय नाही. त्या हिशोबात प्रौढ काळ्या ड्रॅगनचे हिट पॉइंट (म्हणजे जीव) १९५, आर्मर क्लास (म्हणजे वार लागणं किती अवघड) १९. आमचे पाच जण, सगळे लेव्हल नऊ. कागदावर ही लढाई ‘हार्ड’ भरते. ॲसिडचा झोत ६० फूट लांब आणि फक्त पाच फूट रुंद. मोकळ्या मैदानात त्याला कोण घाबरतो? पण गुहेतली वाट मी एकच चौकोन, म्हणजे पाच फूट, रुंद काढलीये. चार्ट पेपरवर तो झोत सलग बारा चौकोन जातो, आणि पार्टी विरार लोकलच्या दारात उभी असल्यासारखी एकामागे एक. सरासरी ५४ नुकसान. आमची क्लेरिक, म्हणजे जखमा भरणारी पुजारीण, जी एरवी वाशीत लोकांच्या दाढा काढते, तिला त्या दिवशी खूप काम आहे.

आता खरा पेच. भरती लढाईचं घड्याळ होऊ शकत नाही. एक राउंड, म्हणजे सगळ्यांची एकेक पाळी, सहा सेकंदांचा, लढाई चालते पाच-सहा राउंड, म्हणजे जेमतेम अर्धा मिनिट. तेवढ्यात पाणी बोटभरही चढत नाही. गुहेतलं पाणी एकदम उसळून माणसांना आत ओढतं ते ड्रॅगनच्या लेअर ॲक्शनमुळे, म्हणजे स्वतःच्या गुहेत तिला चालवता येणाऱ्या जादूमुळे, त्याचा चंद्राशी संबंध नाही. (दुसरी लेअर ॲक्शन किड्यांच्या थव्याची आहे. नवी मुंबईकरांना त्यात नवीन काय?)

मग भरती चावते कुठे? शॉर्ट रेस्टमध्ये. नियमाप्रमाणे शॉर्ट रेस्ट एक तासाची. मावसभावाची सवय अशी की दोन किरकोळ सरडे मारले तरी, “ताई, शॉर्ट रेस्ट घेऊया ना?” एरवी मी हो म्हणते. या गुहेत दार दीड तास उघडं आहे. चिखलातून आत जायलाच अर्धा तास. वाटेत ड्रॅगनने पाळलेली सरडेमाणसं. एक तास विश्रांती घेतली तर हिट पॉइंट मिळतील आणि परतीचा रस्ता जाईल. मी काही बोलणार नाही, फक्त सांगेन की तुमचे बूट ओले झालेत.

आणि ती ड्रॅगनही काही मरायला बसलेली नाही. बुद्धी १४ आहे तिची, आमच्या बार्बेरियनहून, म्हणजे पार्टीतल्या रांगड्या लढवय्याहून, किती तरी जास्त. ६० हिट पॉइंट उरले की ती पाण्यात उडी मारून निघून जाणार. हे मी आधीच लिहून ठेवलंय, म्हणजे ऐन वेळी माझी दया किंवा त्यांचे चेहरे आड येणार नाहीत. मावसभाऊ चिडेल, चीटिंग म्हणेल. चिडू दे. पंधरा दिवसांनी पौर्णिमा आहेच.