तुम्ही विचारलंत म्हणून: जीन टिअर्नी नुसता चेहराच होती का?

1940 च्या दशकातली हॉलीवूडची नटी जीन टिअर्नी, तिचं नाव काढलं की कोणीतरी हमखास म्हणतं, 'दिसायला सुंदर हो, पण अ‍ॅक्टिंग कुठेय? चेहरा हलतच नाही.' उत्तर देऊन देऊन थकलेय, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

तिचा 'लॉरा' हा सिनेमा सगळ्यांनी बघितलाय, तो सोडा. तिथे अर्धं काम भिंतीवरचं तिचं चित्र करतं, मान्य. 1945 चा 'लीव्ह हर टू हेवन' बघा. ती होडीत बसलीये, डोळ्यांवर काळा गॉगल, वल्हं मारायचं थांबवलंय, आणि समोर नवऱ्याचा पोलिओ झालेला लहान भाऊ बुडतोय. ती काहीच करत नाही. डोळे झाकलेले, म्हणजे नटीचं मुख्य हत्यारच काढून घेतलंय, तरी आपल्याला कळतं की हिचं ठरलंय. हे आपोआप होतं असं वाटतं का तुम्हाला? ऑस्करचं नॉमिनेशन उगाच नव्हतं मिळालं.

आणि घरी काय चाललं होतं तेही ऐका. 1943 ला ती गरोदर असताना हॉलीवूड कँटीनला गेली, सैनिकांना स्टार मंडळी जिथे खाऊपिऊ घालायची, त्यांच्याशी गप्पा मारायची ती जागा. काही दिवसांत अंगावर पुरळ. रुबेला. आपल्याकडे 2018 ला शाळाशाळांतून गोवर-रुबेलाची लस दिली ना, तोच, फक्त तेव्हा लसच नव्हती. आणि गरोदरपणात झाला की पोटातल्या बाळाला बाधतो. मुलगी डारिया दिवस भरायच्या आधीच झाली, वजन दीड किलोही नाही, कानांनी ऐकू येईना, डोळ्यांत मोतीबिंदू, बुद्धीची वाढ झालीच नाही, शेवटी संस्थेत ठेवावं लागलं. पुढे कधीतरी एका टेनिस पार्टीत एक बाई कौतुकाने जवळ आली. मी मरीन्समध्ये, म्हणजे अमेरिकी सैन्यात होते, म्हणाली, आपण कँटीनमध्ये भेटलोय, आमच्या कॅम्पात रुबेलाची साथ होती, बाहेर पडायला बंदी होती, पण तुम्ही माझ्या सगळ्यात लाडक्या, म्हणून तशीच निसटून आले. वर विचारते, तुम्हाला नाही ना झाला? टिअर्नीने आत्मचरित्रात लिहिलंय, आपण नुसतं बघत राहिलो आणि वळून निघून गेलो.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला टिअर्नीचाच राग आला होता, सांगायचं ना त्या बाईला तोंडावर! मग वाटलं, सांगून डारियाला ऐकू येणार होतं का? तरी एकटीने का गिळायचं, हे अजून पटत नाही. पुढे टिअर्नीला मानसिक आजार झाला, 27 वेळा शॉक ट्रीटमेंट दिली, 1957 ला ती आईच्या फ्लॅटबाहेर चौदाव्या मजल्याच्या कठड्यावर जाऊन उभी राहिली. आजार डारियामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका.

आधी मी म्हणायचे, होडीतल्या त्या चेहऱ्यावर हेच दुःख दिसतं. आता तसं म्हणवत नाही, कारण मग तिच्या कामाचं श्रेय नशिबाला जातं आणि तुमचंच खरं ठरतं. पण तो सीन बघताना डारिया आठवत नाही असंही नाही.

1959 मध्ये कॅन्ससमधल्या टोपेका गावात ती कपड्यांच्या दुकानात सेल्सगर्ल म्हणून उभी राहिली. गिऱ्हाइकाने ओळखलं, पेपरात बातम्या आल्या. तरी 1962 ला 'लॉरा'चाच डायरेक्टर ऑटो प्रेमिंजरच्या सिनेमात पुन्हा दिसली. ही हिंमत झाली, अभिनय नाही, असं तुम्ही म्हणाल. मला ते दोन्ही वेगळं काढता येत नाही.