सॅन अँटोनिओ: आधी एस्पादा, शेवटी ॲलमो

टेक्सासात ह्यूस्टनहून सॅन अँटोनिओ साधारण दोनशे मैल. आय-१० हा महामार्ग सोडायचा नाही, तीन तासांत पोचता. आम्ही हे अंतर चारेकदा कापलंय, आणि पहिल्या दोन वेळा सगळे करतात तेच केलं: थेट ॲलमो, म्हणजे शहरातलं लढाईमुळे गाजलेलं जुनं मिशन, मग रिव्हरवॉकवर, म्हणजे नदीकाठच्या पायवाटेवर रेटारेटी आणि रात्री परत. यंदा मार्चमध्ये आई-बाबा साक्रीहून आले होते, म्हणून उलटा क्रम लावून पाहिला. तोच सांगतो.

मिशन म्हणजे स्पॅनिश पाद्र्यांनी इथल्या लोकांना ख्रिस्ती करायला वसवलेली, चर्चभोवतीची वस्ती. शहरात शिरूच नका. आधी दक्षिण टोकाला मिशन एस्पादा गाठा, मग नदीच्या कडेने उत्तरेकडे सॅन हुआन, सॅन होसे, कन्सेप्सियोन असं या. चारही ठिकाणी तिकीट नाही, पार्किंगही फुकट. साधारण सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं. ॲलमो धरून ही पाच मिशनं २०१५ पासून जागतिक वारसा यादीत आहेत.

एस्पादाचं चर्च अगदी छोटं. खरी गंमत तिथून मैल-दीड मैलावर आहे. नदीवर स्पॅनिश काळातला बंधारा, त्यातून काढलेला पाट, आणि तो पाट ओढा ओलांडून नेणारा दोन कमानींचा दगडी जलसेतू. १७४५ च्या सुमाराचा, आणि अजून त्यातून पाणी वाहतं. बाबा पांझराकाठचे, जन्म फडाच्या, म्हणजे बंधाऱ्यातून पाटाने आणून पाळीपाळीने वाटून घ्यायच्या पाण्यावर गेलेला. चर्चमध्ये पाच मिनिटंही न थांबलेला माणूस इथे काठावर उकिडवा बसला आणि पहिला प्रश्न, "पाळी कोण लावायचं? पाटकरी होता का?" इथे पाटाला ‘असेकिया’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी, स्पेनमार्गे टेक्सासात आला. पाट खणणारे हात मात्र इथल्याच कोआविल्तेक लोकांचे. अपाचे या दुसऱ्या जमातीचे हल्ले आणि साथीचे रोग यांनी बेजार होऊन ते मिशनच्या भिंतीआड आले आणि बदल्यात धर्म, भाषा, सगळंच देऊन बसले. सॅन हुआनच्या शेतात आज त्याच पद्धतीच्या पाण्यावर सॅन अँटोनिओ फूड बँक ही गरजूंना अन्न पुरवणारी संस्था भाजीपाला पिकवते.

सॅन होसे सगळ्यात मोठं. वेळ कमी असेल तर तटबंदी, पिठाची पाणचक्की आणि गुलाबाची खिडकी, एवढं चुकवू नका. बराचसा भाग १९३० च्या दशकात पुन्हा उभारलेला आहे, हे ध्यानात असू द्या. त्याउलट कन्सेप्सियोन १७५५ पासून जवळपास तसंच उभं आहे. तिथे चर्चच्या शेजारच्या खोलीत मान वर करून छत बघा: किरणं फुटलेला सूर्य, आणि त्याला चक्क मिशा! आई म्हणाली, "हा तर आपल्या जत्रेतला सूर्य."

ही चारही चर्चं चालू आहेत, नुसती स्मारकं नाहीत. शनिवारी दुपारी एका ठिकाणी लग्न लागत होतं, तेव्हा आम्ही दारातूनच माघारी फिरलो. आत हळू बोला, टोपी काढा. मुलं बरोबर असतील तर माहिती केंद्रातून ज्युनिअर रेंजरची, म्हणजे मुलांनी सोडवायची पुस्तिका घ्या. ती पुरी केली की बिल्ला मिळतो; त्यासाठी का होईना, वाचतात.

ॲलमोच्या चर्चमध्ये जायला पैसे पडत नाहीत, पण वेळेचं आरक्षण आधी ऑनलाइन करून ठेवा. आम्ही केलं नव्हतं, तासभर उन्हात उभे राहिलो. आणखी एक, फोटोत दिसणारी ती डौलदार वळणदार माथ्याची भिंत टेक्सासवाले आणि मेक्सिकोचं सैन्य यांच्या १८३६ च्या लढाईत नव्हतीच. ती अमेरिकी लष्कराने १८५० मध्ये चढवली.

शाकाहारी मंडळींनो, इथल्या मेक्सिकन धाटणीच्या जेवणात ‘बीन्स’ ऐकून हुरळू नका. घोटलेल्या बीन्समध्ये बरेचदा डुकराची चरबी असते, भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो आणि एन्चिलाडावरच्या रश्श्यात खिमा. प्रत्येक वेळी विचारा. आम्ही बटाटा-अंडं घातलेल्या सकाळच्या टाकोंवर आणि आईच्या डब्यातल्या दशम्यांवर निभावलं.

जायचं तर मार्च-एप्रिलमध्ये. रस्त्याच्या कडेला निळी ब्लूबॉनेट फुललेली असतात. जुलै-ऑगस्टमध्ये दगड तापतो, सावली नाही. माणशी दोन बाटल्या पाणी गाडीत हवंच.

रविवारी सकाळी रिव्हरवॉकवर नावेत बसायचा बेत होता. बाबा म्हणाले, तुम्ही बसा, मला त्या पाटावर सोडा. शेवटी सगळेच गेलो.