तुम्ही विचारलंत म्हणून: आमची कुत्री गुंडी घाबरत कशी नाही?

मागच्या आठवड्यात घरात रंगकाम चालू होतं. शिडी घसरली आणि धाडकन फरशीवर आदळली. गुंडी झोपेतून उठली, कान टवकारून शिडीकडे बघत राहिली, मग जवळ जाऊन ती नीट हुंगून आली आणि पुन्हा माझ्या पायाशी पडली. रंगारी दादांनी लगेच विचारलं, "ताई, हिला ट्रेनिंग कुठे दिलंत?"

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. ज्यांच्या घरी नवं पिल्लू आलेलं असतं, ते तर हमखास विचारतात. खरं सांगायचं तर ट्रेनिंग असं काही दिलं नाही. बसणं, थांबणं हे सगळं ती नंतर शिकली. तिचा हा धीटपणा आठव्या आठवड्यापासून सोळाव्या आठवड्यापर्यंतच्या दोन महिन्यांत आला, तोही बहुतेक खेळता खेळता. ते दोन महिने आम्ही इतके जपले, कारण गुंडीच्या आधी आमच्याकडे बाळू नावाचा कुत्रा होता.

बाळू दोन महिन्यांचा असताना आला. सगळ्या लसी होईपर्यंत याला बाहेर नेऊ नका, असं आम्हाला सांगण्यात आलं आणि आम्ही ते अक्षरशः पाळलं. बाहेर नेलं नाहीच, शिवाय घरीही कुणाला येऊ दिलं नाही. साडेचार महिन्यांचा झाल्यावर पहिल्यांदा पट्टा लावून रस्त्यावर आणला. समोरून एक मोटारसायकल गेली. बाळू पोटावर सपाट झाला, नखं जमिनीत रुतवून, शेपूट पोटाखाली घेऊन. उचलला तेव्हा त्याचं अंग थरथरत होतं आणि माझ्या हाताला त्याच्या लघवीचा ओलावा लागला. त्यानंतर अकरा वर्षं तो आमच्याकडे होता. पाहुणे आले की बाथरूममध्ये जाऊन बसायचा, ते गेल्यावर जेवायचा. लोक म्हणायचे, "याला लहानपणी कुणीतरी मारलं असणार." ते ऐकताना पोटात कालवायचं. त्याच्यावर कुणी कधी हात उगारला नव्हता. वाईट असं काहीच घडलं नव्हतं त्याच्या बाबतीत. घडायला हवं होतं तेवढं मात्र राहून गेलं होतं.

पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात, कान तिसऱ्या आठवड्यात. तिथपासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत नव्या गोष्टीबद्दलचं कुतूहल भीतीला पुरून उरतं. मग हळूहळू उलटं होतं. जे ओळखीचं नाही ते धोक्याचं वाटू लागतं. अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बरच्या प्रयोगशाळेत यावर अनेक वर्षं काम झालं. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पिल्लांना कुंपण घातलेल्या मैदानात आईसोबत, माणसाचा हात न लावता वाढवलं होतं. काहींना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात फक्त एक आठवडा माणसांजवळ आणलं. चौदा आठवडे माणसाशी संबंधच न आलेली पिल्लं मात्र जवळजवळ रानटी राहिली, नंतरच्या मेहनतीनेही फारशी माणसाळली नाहीत. हे मी बाळू गेल्यावर वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता लसीचं. आईच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती लसीला नीट काम करू देत नाही. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं, म्हणून दर काही आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात. म्हणजे शेवटचा डोस होतो तोवर ही सोन्यासारखी वेळ निघून गेलेली असते. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराची भीती खोटी नाही. त्याचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि पिल्लं दगावतात. पण पिल्लाला कोंडून ठेवणं हाही धोकाच आहे. पशुवर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली स्पष्ट म्हटलं की लसीकरण पूर्ण व्हायच्या आधीच पिल्लाला माणसांची, आवाजांची, जगाची ओळख करून द्यायला हवी. पहिली लस होऊन सात दिवस गेले की पिल्लांच्या वर्गालाही नेता येतं. तुमच्या भागात साथ असेल तर तुमचे डॉक्टर सांगतील तेच ऐका. आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारून असं ठरवलं: गुंडी बाहेर जाईल, पण कडेवर. अनोळखी कुत्री जिथे फिरतात, घाण करतात, तिथे तिचे पाय टेकणार नाहीत. खेळायला फक्त ओळखीची, लसी झालेली, शांत स्वभावाची मोठी कुत्री, तीही त्यांच्या किंवा आमच्या घरात.

मग रोज थोडं थोडं. कडेवरून रहदारी बघणं, दहा मिनिटं, बस. घरात पुठ्ठा, चुरचुरणारा कागद, ओली फरशी, डगडगणारी फळी असं पायाखाली वेगवेगळं. टोपी घातलेला माणूस, दाढीवाला माणूस, काठी टेकत येणाऱ्या आजी, चाकांची बॅग. ढगांच्या गडगडाटाचं रेकॉर्डिंग आधी इतकं हळू की मलाच जेमतेम ऐकू यावं, आणि ते चालू असताना तिच्यासमोर खाऊ.

छत्रीचा दिवस मला नीट आठवतो. ती दहा आठवड्यांची होती. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला छत्री उघडून जमिनीवर ठेवली. गुंडी जागीच थिजली. मग दोन पावलं मागे, सोफ्याच्या पायाआड. मी बोलावलं नाही. खाऊचे चार कण छत्रीपासून लांब, तिच्याच बाजूला टाकले आणि जमिनीवर बसून राहिले. तिने ते खाल्ले, मान लांब करून बघितलं, पुन्हा मागे. असं पाच-सहा वेळा. पुढचे पाय छत्रीकडे सरकायचे, मागचे मात्र पळायच्या तयारीत जागच्या जागी, त्यामुळे अंग रबरासारखं ताणलेलं. शेवटी नाक कापडाला लागलं, छत्री जराशी हलली, ती उडून मागे गेली आणि लगेच स्वतःहून परत आली. सातव्या-आठव्या फेरीला ती छत्रीखाली जाऊन बसली होती.

माझ्या लेखी सगळं काही त्या दोन पावलांत आहे, मागे टाकलेल्या. तिला मागे जाता येत होतं म्हणून ती पुढे आली. मी तिला उचलून छत्रीजवळ नेलं असतं तर छत्री तीच, खोली तीच, पण ती काही वेगळंच शिकली असती.

हे मुद्दाम सांगते, कारण उत्साहाच्या भरात नेमकं इथेच चुकतं. पिल्लू गोड दिसतं म्हणून ते या हातातून त्या हातात फिरतं. ते अंग चोरतं, तोंड फिरवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, समोर खायला काही नसताना ओठ चाटतं, आणि आपण म्हणतो, "असू दे, सवय होईल." होते ती भीतीची सवय. साधारण आठव्या ते अकराव्या आठवड्यात पिल्लं जरा जास्तच दचकी असतात. त्या दिवसांतला एक मोठा धसका मनात घर करून राहू शकतो. पाहुण्यांना मी सांगायचे की तिच्यावर वाकू नका, खाली बसा, ती आली तर गळ्याखाली खाजवा, हात काढून घ्या आणि बघा ती अजून मागते का.

खेळाबद्दल विचारतात ते बहुतेक वेळा चावण्यामुळे. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात सुईसारखे असतात. किती जोरात चावलं म्हणजे खेळ मोडतो हे पिल्लू भावंडांशी झोंबताना शिकतं, म्हणून आठ आठवड्यांच्या आत त्याला आई-भावंडांपासून तोडू नये, यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. पुढचा धडा घरात. गुंडीचे दात लागले की मी खेळणं खाली टाकायचे, उठायचे आणि वीस-तीस सेकंद तिच्याकडे बघायचेच नाही. ओरडणं नाही, तोंडावर मारणं तर नाहीच. मग पुन्हा खेळ. दिवसातून दहा वेळा करावं लागलं, पण हे सुरू केल्यापासून तिसऱ्या आठवड्यात तोंड हाताला लागायचं आणि दाबायचं नाही. ती वेड्यासारखी चावत सुटली तर बहुतेक वेळा पेंगुळलेली असायची. पिल्लं दिवसाचे अठरा-वीस तास झोपतात. झोप मोडली की लहान मुलासारखीच किरकिरी होतात.

दोरी ओढण्याच्या खेळात कुत्र्याला जिंकू देऊ नये, डोक्यावर बसतं, असं मलाही अनेकांनी बजावलं होतं. २००२ साली ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी चौदा गोल्डन रिट्रीव्हरना हा खेळ कधी जिंकू देऊन, कधी हरवून पाहिलं. जिंकल्यामुळे कुत्री माणसावर कुरघोडी करायला लागली नाहीत. आम्ही गुंडीला भरपूर जिंकू दिलं. जिंकली की दोरी घेऊन एक चक्कर मारायची आणि माझ्याच मांडीवर आणून ठेवायची. "सोड" हा शब्द तिला तिथेच कळला, कारण सोडलं की दुसरं काहीतरी मिळायचं किंवा तीच दोरी परत मिळायची. त्यामुळे तोंडातली वस्तू घ्यायला गेलो तर आजही ती गुरगुरत नाही. पंजे धरणं, कान उलटून बघणं, ओठ वर करणं हे मी त्याच खेळाच्या मधे मधे करायचे, एक पंजा, एक खाऊ. डॉक्टरांच्या टेबलावर त्याचा उपयोग झाला.

आता जे विचारतात, "आमचं पिल्लू सहा महिन्यांचं झालंय, मग संपलंच का?" त्यांना बाळूचंच सांगते. तो नऊ वर्षांचा असताना माझी भाची दर रविवारी यायला लागली. ती बाथरूमच्या दाराकडे पाठ करून जमिनीवर बसायची, स्वतःचा अभ्यास करायची आणि मधूनच मागे न बघता खाऊचा एक तुकडा दाराच्या दिशेने टाकायची. कधी हाक मारली नाही, कधी हात पुढे केला नाही. पाच महिने लागले. एका रविवारी तिने मला हळूच खूण केली. बाळू तिच्या पाठीला पाठ टेकून झोपला होता.