धुतलेला बोल्ट पुन्हा मळतो कुठे?

बोल्टवर चालणाऱ्या कणाची मर्यादा ४०० मायक्रॉनची (०.४ मिलिमीटर) आणि स्वच्छता तपासणीच्या रिपोर्टमध्ये ५२० मायक्रॉनचा धातूचा कण. असं झालं की खापर वॉशिंग मशीनवर फुटतं. केमिकल बदला, तापमान वाढवा, सायकल लांबवा. बोल्टच्या बाबतीत घोळ बहुतेक वेळा धुतल्यानंतर होतो.

धुतलेले बोल्ट बिनमध्ये उंचावरून पडतात, मग सॉर्टिंगच्या व्हायब्रेटरी बाउलमध्ये (थरथरून बोल्ट पुढे सरकवणाऱ्या वाडग्यात) एकमेकांवर घासत फिरतात. थ्रेडचे (आट्यांचे) माथे ठेचतात, गंजरोधक झिंक फ्लेक कोटिंगचे पापुद्रे सुटतात. म्हणून सॉर्टिंग आधी, धुणं नंतर, आणि मशीनमधून निघाल्यावर थेट पिशवीत. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुटे बोल्ट नकोतच, कागदाचे तंतू लागतात. पिशवीही अर्धवट भरू नका. ट्रकमध्ये हलून बोल्ट पुन्हा चुरा पाडतात.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट चुंबकत्व. मॅग्नेटिक कन्व्हेयर किंवा एमपीआयनंतर (चुंबकीय कणांनी तडे शोधण्याच्या तपासणीनंतर) बोल्टमध्ये चुंबकत्व उरलं, तर लोखंडी चुरा वॉशिंग मशीनच्या जेटला दाद देत नाही. डीमॅग (चुंबकत्व काढणं) धुण्याआधी करा, नंतर नव्हे.

आता तपासणी. आयएसओ १६२३२ आणि व्हीडीए १९ या वाहनांच्या पार्टची स्वच्छता तपासण्याच्या मानकांचा गाभा एकच आहे: पार्टवरचे कण द्रवात उतरवायचे, तो द्रव फिल्टरमधून गाळायचा (बहुधा ५ मायक्रॉनची पीईटी प्लॅस्टिकची जाळी), वाळवून वजन करायचं आणि मायक्रोस्कोपखाली मोजायचं. छोटा बोल्ट एकटा तपासून काही कळत नाही, पंचवीस-पन्नास एकत्र घ्या. आधी ब्लँक चालवा, म्हणजे पार्ट न ठेवता हीच तपासणी करा. ब्लँकमध्येच मर्यादेच्या निम्म्याहून मोठा कण आला, म्हणजे इथे २०० मायक्रॉनच्या वर, तर आधी उपकरण धुवा. तपासणीची पद्धत बसवताना तेच पार्ट त्याच पद्धतीने सहा वेळा धुवून पाहा. शेवटच्या धुण्यात निघालेले कण सगळ्या धुण्यांच्या बेरजेच्या १० टक्क्यांच्या आत यायला हवेत. नाही आले तर जेटचा दाब, वेळ किंवा द्रवाचं प्रमाण बदला. हे न करता दिलेला आकडा म्हणजे अंदाजपंचे.

कण कुठून आला याचं खरं उत्तर त्याच्या रूपात असतं. पीळदार, लांब चिप मशीनिंगची. चपटा चकचकीत पापुद्रा थ्रेडचा. राखाडी, मंद कणात ईडीएक्सवर (क्ष-किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या तपासणीत) झिंक आणि ॲल्युमिनियम दिसलं तर तो कोटिंगचा. एक सावधगिरी: पोलराइज्ड प्रकाशात मायक्रोस्कोप धातू ओळखतो तो चकाकीवरून, त्यामुळे हीट ट्रीटमेंटचा काळा स्केल (ऑक्साइडचा थर) बिनधास्त ‘अधातू’च्या रकान्यात जाऊन बसतो.