पाच की?

सोमवार, रात्री सव्वाअकरा

अण्णा या वेळी "पाच की?" म्हणाला नाही. एवढंच झालंय. पण मडगावला गाडीत बसले तेव्हापासून नर्मदेचा पूल येईपर्यंत डोक्यात दुसरं काही शिरलंच नाही. स्टेशनवरून येताना सेवउसळ बांधून आणली होती, ती तशीच ओट्यावर पडली आहे.

सहा वर्षं झाली. पोकरच्या स्पर्धेला जाताना, पणजीच्या धक्क्यावर कसिनोच्या बोटीकडे नेणाऱ्या लाँचसाठी रांगेत उभं असताना तो मागे न बघता म्हणतो, "पाच की?" बेळगावकडचं ते 'की'. मी म्हणते, "पाच." झालं. कागद नाही, साक्षीदार नाही. त्याच्या बक्षिसातले पाच टक्के माझे, माझ्यातले पाच त्याचे, कर कापून जे हातात पडेल त्यातले. कर कापायच्या आधीचे की नंतरचे, यावर पहिल्याच वर्षी कडाक्याचं भांडण झालं होतं. जिंकलेल्या रकमेतले ३० टक्के तिथल्या तिथे जातात आणि हरलेल्या स्पर्धांची फी त्यातून वजा करता येत नाही, तेव्हा भांडण होणारच. नंतर मात्र कधी नाही.

शुक्रवारी तो रांगेत माझ्या पुढेच होता. बडीशेप चघळत होता. मी वाट बघितली. लाँच आली, त्याने हात देऊन मला आत घेतलं, माझी पिशवी धरली. मांडवीला भरती होती, लाँच हलत होती, तेवढ्यातही तो बोलेल असं वाटलं. जिना चढलो, ओळखपत्रं दाखवली, टेबलं कळली. त्याचं ७, माझं १९. "चल," म्हणाला आणि गेला.

पाच टक्क्यांचं काय एवढं, असं आई म्हणेल. पण आमच्यात ते एवढंच नसतं. स्पर्धेत उतरलेल्या शंभरातल्या दहा-पंधरा जणांना पैसे मिळतात, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिले दोघं-तिघं नेतात. चांगलं खेळूनसुद्धा महिनोन्‌महिने रिकाम्या हाताने घरी यायचं असतं. म्हणून हिस्से बदलायचे, म्हणजे आपण बाहेर पडलो तरी कोणीतरी आपलं अजून आत बसलेलं असतं. पण बदलायचे कोणाशी? आपल्या तोडीच्या माणसाशी. कच्च्या खेळाडूशी पाच-पाच केले तर तो सरळ तोटा. म्हणजे "पाच की?" यात "तू माझ्या तोडीची आहेस" हे आलंच. ते कधी कोणी तोंडाने म्हणत नाही. मला मात्र दर वेळी तेच ऐकू यायचं.

गेलं वर्ष माझं वाईट गेलं हे त्याला ठाऊक आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं. माझी भाकरी तिथेच होती, रात्री नऊ ते पहाटे तीन, चार-चार टेबलं एकाच पडद्यावर. इथे गुजरातेत समोरासमोर बसून खेळायचा प्रश्नच नाही, डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने पोकरला जुगारच ठरवलं. जन्माष्टमीच्या सातम-आठमला आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणाच्या माडीवर तीनपत्ती बसत नाही ते सांगा, पण ते असो. उरलं गोवा. महिन्याकाठी एक वारी. एवढ्या सरावात हात टिकत नाही, आणि अण्णाला ते दिसलं असणार. समोरच्याचा श्वास बदललेला त्याला कळतो, माझं खेळणं बदललेलं कळणार नाही? मग त्याने हिशेब केला असेल.

माझ्याबद्दल हिशेब केला. हेच घशाखाली उतरत नाही.

शनिवारी रात्री बबल आला, म्हणजे आणखी एक जण बाद झाला की उरलेल्या सगळ्यांना पैसे. पैसे ९१ जणांना, उरलेले आम्ही ९२. अशा वेळी सगळी टेबलं बरोबरीने चालतात, एका टेबलाचा डाव आटोपला की तिथला डीलर हाताची घडी घालून बसतो, बाकीचे संपेपर्यंत. बोलणं बंद. नुसता चिप्सचा किरकिर आवाज. मला दोन राण्या आल्या. चौदा बिग ब्लाइंड, म्हणजे डावातल्या सक्तीच्या मोठ्या पैजेच्या चौदापट चिप्स, एवढेच उरले होते, सगळे पुढे सारले. समोरच्याने एक्का-राजा उघडला. शंभरात ५७ वेळा मी जिंकते. फ्लॉपवर, म्हणजे टेबलावर उघडलेल्या दोघांच्या पहिल्या तीन पानांत, सत्ता, चौका, सत्ता. टर्नला, चौथ्या पानाला, दुर्री. आता उरलेल्या ४४ पानांत त्याला उपयोगी पानं फक्त सहा. रिव्हरला, शेवटच्या पानाला, किलवरचा राजा. त्याची राजांची जोडी झाली, मी बाहेर.

बाकीच्या टेबलांवर टाळ्या वाजल्या. बबल फुटला की वाजतातच, मीही वाजवल्या आहेत.

असं झालं की अण्णा उठून येतो. खांद्यावर दोन बोटं टेकवतो आणि "जेवलीस का?" विचारतो, पानांबद्दल चकार शब्द नाही. मी त्याच्या टेबलाकडे बघितलं. चिप्सच्या दोन चळती तो एका हाताने एकमेकींत मिसळत होता, नेहमीसारख्या, एकही चिप न सांडता. मान वर केली नाही. मी तशीच निघाले. हॉलमधल्या गारठ्यासाठी नेलेली आईची शाल खुर्चीच्या पाठीवर राहिली, हे खोलीवर गेल्यावर कळलं.

तो सहावा आला. सहा लाख. कर जाऊन चार लाख वीस हजार, त्यातले पाच टक्के म्हणजे एकवीस हजार. मला पैशांचं वाईट वाटत नाहीये, खरंच नाही. पण रत्नागिरीच्या पुढे बोगद्यांमध्ये रेंज गेली होती तेव्हा मी हा हिशेब करत बसले होते, तेही इथे लिहून ठेवायला हवं.

आणि सुरतला गाडी थांबली तेव्हा तो पोरगा आठवला. दिवाळीनंतरच्या स्पर्धेत धक्क्यावरच मला म्हणाला होता, "दीदी, तीन-तीन करवुं छे?" मी म्हटलं, माझे हिस्से सगळे वाटून झाले. खोटं होतं ते. अण्णाचे पाच सोडले तर कोणालाही काही दिलं नव्हतं. पोरगा फार लवकर ऑल-इन जातो, सगळ्या चिप्स एकदम लावतो, त्याच्यावर तीन टक्के लावायचीही माझी तयारी नव्हती. "कंई वांधो नहीं," काही हरकत नाही, म्हणाला आणि ब्रेकमध्ये माझ्यासाठी चहा घेऊन आला. मला आवडतो तो पोरगा. पहिल्यांदा त्याला पैसे लागले तेव्हा मी त्याच्यामागे दोन तास उभी होते. तरी नाही म्हटलं होतं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. माया वेगळी, हिस्सा वेगळा. हे माझ्यापुरतं मला कळत होतं. अण्णाकडे आलं की कळेनासं झालं.

अण्णाने निदान खोटं सांगितलं नाही.

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. "शाल माझ्याकडे आहे गं. पोचलीस का?" म्हणजे तो आला होता खुर्चीपर्यंत. मी थांबले नव्हते.

हे लिहिता लिहिता आणखी एक लक्षात येतंय. सहा वर्षांत दर वेळी आधी त्यानेच विचारलं. मी एकदासुद्धा नाही. त्याने विचारायचं आणि मी हो म्हणायचं, हे मी धरूनच चालले होते. शुक्रवारी त्या रांगेत मी त्याच्या पाठीकडे बघत उभी होते, आणि माझ्या तोंडाला कोणी कुलूप घातलेलं नव्हतं. तोही वाट बघत असेल असं नाही म्हणत. नको असेल त्याला खरंच, तसंही असेल. पण मी विचारलं नाही, हे तर नक्की आहे.

मेसेजला अजून उत्तर दिलेलं नाही. पोचले, एवढं तरी कळवायला हवं.

मघाशी झोपायला जाताना आई कपाटात शाल शोधत होती. "अण्णाकडे राहिली," म्हटलं.

"बेळगावचा? गणपतीत आला होता तो?"

"हो."

"मग असू दे," म्हणाली, आणि दिवा घालवला.